बारीक करा, वहिनी

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. हाताला बहुतेक वेळा कणीक असते, म्हणून कागदावर डाग पडणार. हे कुणाला दाखवायला लिहिलेलं नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर माझ्या अक्षराकडे पाहू नका, त्या माणसाकडे पाहा.

आमच्या शेजारच्या भाऊजींची ओळख म्हणजे दोन बोटं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. ती हवेत अशी फिरायची, जणू आपल्याला न दिसणारं एखादं बटण ते कमी करत आहेत. सोबत एकच वाक्य.

"बारीक करा, वहिनी. जरा बारीक करा."

माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले की चप्पल काढायच्या आधी त्यांची नजर गॅसवर जायची. ज्योत मोठी दिसली की त्यांना राहवत नसे. मी पोळ्या लाटत असले की मागून हात घालून गॅस बारीक करून जायचे. मग पोळी फुगायच्या ऐवजी तव्यावर पडून राहायची, आजारी माणसासारखी. ते अंगणात गेले की मी गॅस मोठा करायची. आत आले की ते बारीक करायचे. याच्यावरून आम्ही कधी भांडलो मात्र नाही. रोजच्या सकाळी अशाच गेल्या.

रायपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या मे महिन्यात त्यांच्या खोलीतला पंखा एक नंबरवर असायचा. पात्यावर बसलेली माशी उठायची नाही, गोल गोल फिरत बसायची. गल्लीतला नळ ते इतका घट्ट बंद करायचे की त्यांच्यानंतर पाणी भरायला येणारी बाई घरून पक्कड घेऊन यायची. एकदा आमच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, वरात निघाली होती. हे डीजेच्या गाडीवर चढले आणि आवाज कमी करून खाली उतरले. नवरदेव नाचता नाचता थांबला. त्याला वाटलं, लाइट गेली.

तुम्ही म्हणाल, कंजूस असतील. तसं नव्हतं. पंडरीच्या ठोक कापड बाजारात त्यांनी कितीतरी वर्षं गादीवर बसून कापड मोजलं. मोजताना चार बोटं जास्तच सोडायचे. शेठ ओरडायचा, तरी सोडायचे. देताना त्यांचा हात सैल होता. वाया जाताना मात्र त्यांना पाहवत नसे. आपण तिन्हीसांजेला कुणी झोपलेलं पाहिलं की कसे अस्वस्थ होतो, तसे ते चालू नळ पाहून व्हायचे.

मग शेठच्या पोरांनी दुकान बदललं, तयार कपडे ठेवले. मोजायला काही उरलं नाही आणि यांना घरी बसवलं. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. आमच्या भिंतीला लागून त्यांची खोली. दिवसभर ते पायरीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या साड्या नजरेने मोजायचे. त्यात वाईट काही नव्हतं. "हिचं कापड पन्ह्याले कमी हाय," असं म्हणायचे आणि हळहळायचे.

तेव्हा मी नुकतेच डबे द्यायला लागले होते. माझे मालक सिलतऱ्याच्या मिलमध्ये. त्यांची पाळी बदलत राहते आणि घरी असले की ते झोपलेले असतात. मला रांधता येतं, पण बोलता येत नाही. फोन वाजला की मी फोनकडे पाहत बसते. तो आपला आपण गप्प झाला की बरं वाटतं. माझी पोट्टी कॉलेजात जाते. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "मम्मी, उठा तो लो! खा नहीं जाएगा!" असं ओरडते.

एक दिवस ते पायरीवरून उठून आले. म्हणाले, "वहिनी, तुमी रांधा. बोलायचं काम माझं."

आणि खरंच, बोलायचं काम त्यांनी घेतलं. सायकलवर डबे लटकवून पंडरीत जायचे. तिथे सगळे ओळखीचे. ज्या गादीवरून त्यांना उठवलं होतं, त्याच दुकानात त्यांनी पहिला डबा लावून दिला. डबे वाढले. सायकल कमी पडायला लागली.

गोल बाजारात एक भांडेवाला आपली जुनी मोटरसायकल विकत होता. यांनी ती रोज येता-जाता पाहिली. त्यांच्याजवळ थोडे पैसे होते, बाकीचे नव्हते. त्यांनी मला मागितले नाहीत. फक्त गाडीचं वर्णन करायचे. "टंकी लाल हाय, वहिनी. लय चांगला लाल. धुतल्यावर रंग जाणार नाई असा."

माझ्याजवळ फ्रिजचे पैसे होते. हे पैसे मी फार दिवस जमवले होते. इथल्या उन्हात सकाळचं वरण दुपारी आंबतं, दही संध्याकाळपर्यंत टिकत नाही. रोज थोडं थोडं आणायचं आणि उरलेलं गाईला घालायचं. एक मोठा फ्रिज आला की डबे दुप्पट करता येतील, असं मी मनात मांडून ठेवलं होतं. पण गाडी आली तर डबे आधी वाढतील, मग फ्रिज, असंही वाटायला लागलं. हे बोलून कसं दाखवायचं? मी पैसे डब्याच्या वरच्या खणात ठेवले, पोळ्यांच्या जागी. झाकण लावलं आणि तो डबा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी उघडून पाहिला. परत बंद केला. म्हणाले, "आज भाजी लय महाग झाली, वहिनी." आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "एकूण एक देईन. तुमाले मागाचं काम पडणार नाई."

तर गाडी आली. आणि माझ्या डोक्यात किडा आला. पैसे परत येतील का? रोज संध्याकाळी ते रिकामे डबे घेऊन आले की मी ठरवायची, आज विचारायचं. ओठापर्यंत यायचं. आणि तोंडातून निघायचं, "भाजीत मीठ बरोबर होतं का?"

रोज. मेथी असो, वांगं असो, पैशाच्या जागी माझ्या तोंडून मीठच निघायचं. त्यांना वाटलं, मला मिठाची फारच काळजी आहे. त्यांनी पंडरीभर सांगून ठेवलं. मग तिथून निरोप यायला लागले. "कोपऱ्यावरचा शेठ म्हणे, मीठ बरोबर होतं." "साडीवाले म्हणे, आज जरासं कमी, पण चालते." सगळ्या बाजाराचं मीठ मला कळलं, पैशाचं काही कळलं नाही.

आता गाडीकडे येते. गाडी पळायला चांगली होती. फक्त थांबली की बंद पडायची. सिग्नल लागला, यांनी पाय टेकवला, की फट फट फट करत आवाज खाली खाली जायचा आणि फुस्स. मग लाल आकडे उलटे मोजून संपायचे, मागून हॉर्न सुरू व्हायचे, आणि हे किक मारत असायचे. एकदा किक मारली की चालू. पुढच्या सिग्नलला परत फुस्स.

त्यांनी तिचा राग केला नाही. मला म्हणाले, "ही तुमच्यासारखी हाय, वहिनी. चार लोकं जमले का गप होते."

मी लाजले. गाडीच्या बाजूने थोडं वाईटही वाटलं.

किक मारून मारून गुडघा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी थांबायचंच सोडलं. डबे द्यायची नवी पद्धत काढली. पंडरीत पोचले की लांबून हॉर्न द्यायचे. गिऱ्हाइकं दुकानाच्या पायरीवर येऊन एक हात लांब करून उभी राहायची. हे हळूहळू पुढे जायचे आणि चालत्या गाडीवरून डबा हातात अडकवायचे. पुढच्या गल्लीतून वळून परत यायचे, तेव्हा गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या हातातला कालचा रिकामा डबा उचलायचे. एक जाडे शेठ होते, त्यांना पायरीवर यायला उशीर व्हायचा. ते धोतर धरून गाडीच्या मागे पळायचे. महिनाभराने म्हणे त्यांची साखर कमी आली.

एक दिवस कोपऱ्यावर एक अनोळखी माणूस ऑटोला हात दाखवत होता. यांनी त्याच्या हातात डबा अडकवला आणि निघून गेले. भरल्या वांग्याचा डबा होता. तो माणूस तिथेच उभा राहून डब्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी, त्याच वेळेला, हात लांब करून उभा. "भैया, कल वाला ही है क्या?" तेव्हापासून त्याचा डबा लागला. ज्याचा डबा गेला होता तो मात्र सुटला. एक आला, एक गेला. पैसे जिथल्या तिथे.

असेच आणखी सुटायला लागले. सगळ्यांनाच पळायची हौस नसते. मी संध्याकाळी रिकामे डबे मोजायची आणि विचारायची, मीठ बरोबर होतं का.

शेवटी ते गाडी मेकॅनिककडे घेऊन गेले. आमच्या पाऱ्याच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. छत्तीसगढी माणूस, मनाचा चांगला, आपल्या कामाचा त्याला फार अभिमान. त्याने पाहिलं आणि म्हणाला, प्लग खराब. प्लग बदलला. गाडी दुकानासमोर तासभर उभ्या उभ्या चालत राहिली. "देख भैया, चलत हे ना?" "हव," हे मान हलवून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सिग्नलवर फुस्स.

मग त्याने कार्बोरेटर उघडला. पेट्रोल जिथून इंजिनात जातं तिथे कचरा अडकतो, तो साफ केला. हवेची जाळी धुतली. टंकीतलं पेट्रोल काढून नवीन भरलं. प्रत्येक वेळी गाडी दुकानासमोर तासभर गुणी पोरीसारखी चालायची. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी फुस्स.

"फेर बंद होगे?" तो विचारायचा.

"होगे," हे सांगायचे.

मेकॅनिकची भूक कमी झाली. गाडीत एक पेच असतो, त्याला ते लोक स्लो म्हणतात. गाडी उभी असताना इंजिन किती जोरात फिरावं ते त्या पेचावर असतं. मेकॅनिक म्हणायचा, मी स्लो बरोबर लावतो आणि गाडी परत येते तेव्हा तो उतरलेला असतो. पेच हलून आपला आपण फिरत असेल म्हणून त्याने त्याची स्प्रिंग बदलली. तरी उतरलेला. मग एका शनिवारी त्याने हँडलला लिंबू-मिरची बांधली. पैसे घेतले नाहीत. "भैया, ये मशीन का काम नहीं है," असं हळूच म्हणाला.

आमच्या शेजारच्या आजीने गाडीची दृष्ट काढली. मीठ माझ्याच घरातून गेलं. मिरच्या इतक्या जाळल्या की गल्लीतले सगळे खोकायला लागले, आणि माझे मालक झोपेतून उठून बाहेर आले. कोण गेलं, म्हणून विचारायला लागले. माझी पोट्टी फोनमध्ये पाहून म्हणाली, "इसमें लिखा है, स्लो चेक करो." मेकॅनिक तिच्याकडे असा पाहायला लागला की ती आत निघून आली.

अशात नवा रायपूरमधलं काम आलं. पंडरीतल्या एका गिऱ्हाइकाची बायको तिकडे एका ऑफिसात होती. तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांना घरचं जेवण हवं होतं. तिने निरोप पाठवला, एक दिवस आणून दाखवा. एक वाजता जेवण टेबलावर पाहिजे. नाही आलं तर दुसरा डबेवाला सांगून ठेवला आहे.

हे काम मिळालं असतं तर सुटलेली गिऱ्हाइकं भरून निघाली असती, त्यांच्या हातात पैसे आले असते आणि मग माझ्या हातात. म्हणजे माझा फ्रिज त्या एक वाजण्याला बांधलेला होता. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. आम्ही दोघं त्या सकाळी मिठावरसुद्धा बोललो नाही.

डबे इतके झाले की एकट्याला नेता येईनात. पोट्टीची परीक्षा होती. मग मलाच मागे बसावं लागलं. मी माझ्या मालकांच्या सोडून कुणाच्या गाडीवर बसले नव्हते. इथल्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला, नुसते डोळे उघडे ठेवले. दोन्ही बाजूंनी पिशव्या, मांडीवर एक पिशवी, आणि त्यामागे कुठेतरी मी.

मेकॅनिकने सकाळीच गाडी पाहून दिली होती. उभी असताना कशी छान धडधडत होती. तो हात जोडून गाडीला म्हणाला, "आज भर लाज रख ले."

पहिला सिग्नल लागला. त्यांनी पाय टेकवला. गाडी चालू. धड धड धड, एकसारखी. माझा जीव भांड्यात पडला. लाल आकडे मोजत होते आणि गाडी ऐकत होती.

तेवढ्यात मला त्यांची मान दिसली. मान खाली वळली. आमच्या गल्लीतला नळ वाहताना दिसला की जशी वळायची, अगदी तशी. खांदा हलायला लागला. उजवा हात हँडलवरून सुटला, गुडघ्याजवळ खाली गेला. तिथे इंजिनाला एक छोटा गोल पेच होता. अंगठा आणि शेजारचं बोट त्या पेचावर बसलं आणि फिरलं.

"बारीक," ते स्वतःशीच म्हणाले.

फट, फट, फट. फुस्स.

मी पाहिलं. प्लग, कचरा, जाळी, स्प्रिंग, लिंबू, मिरच्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आकडे संपले. मागून हॉर्न सुरू झाले. ते किक मारायला लागले, गाडी चालू झाली, आणि त्यांचा हात परत खाली जायला लागला.

माझ्या आयुष्यात मी रस्त्यावर कधी मोठ्याने बोलले नाही. बसमधून उतरायचं असलं तरी दुसरं कुणी उतरेपर्यंत बसून राहते. पण त्या वेळी मी तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला आणि ओरडले,

"भाऊजी, हात काढा तिथून!"

ते दचकले. "काहून?"

"मोठा करा! गॅस मोठा करा!"

घाईत गॅसच आला तोंडात. बाजूला ऑटो होता, त्यातली माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मागचा ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "भैया, दीदी की सुनो, गॅस बढाओ!" त्याला काय कळलं कोण जाणे.

"वहिनी," ते मान वळवून म्हणाले, "उभी गाडी काहून पेट्रोल पिऊन राहिली? जाऊन नाई राहिली, येऊन नाई राहिली, नुसती पिऊन राहिली. मी बारीकच करतो ना, बंद थोडी करतो. गॅस बारीक केला तर विझते काय?"

"अती बारीक केला तर विझतो!" मी म्हटलं. "रोज माझा विझतो! तुम्ही गेले की मी परत पेटवते!"

हे त्यांना माहीत नव्हतं. हॉर्न वाजत होते. त्यांनी खाली वाकून तो पेच उलटा फिरवला, जणू स्वतःच्या हाताने कुणाला पैसे देत आहेत असा. गाडी धडधडायला लागली. पुढे सिग्नल परत लाल झाला होता. ते दोन्ही हात काखेत दाबून बसले, डोळे मिटून.

"पिऊन राहिली, वहिनी."

"पिऊ द्या."

"लय पिऊन राहिली."

"पिऊ द्या, भाऊजी."

पुढे नवा रायपूरचे रस्ते. एवढे रुंद की एका बाजूने हाक मारली तर दुसऱ्या बाजूला पोचणार नाही. गाड्या तुरळक, बस तर दिसलीच नाही. तिथे ते खूष झाले. म्हणाले, "थांबाचं कामच नाई." पण ऑफिसच्या फाटकावर गार्डने अडवलं. तो नाव विचारून, डबे मोजून, सावकाश वहीत लिहायला लागला. गाडी उभी, इंजिन चालू. त्यांची दोन बोटं हवेत फिरायला लागली, आपोआप. मी मांडीवरची पिशवी उचलून त्यांच्या त्या हातात दिली. हात अडकला. गार्डचं लिहिणं झालं. आम्ही एक वाजायच्या आत टेबलावर डबे मांडले.

डबे मागवणाऱ्या त्या मॅडमने एक घास खाल्ला आणि त्या काहीतरी छान बोलल्या. मी विचारलं, "मीठ बरोबर आहे का?"

काम मिळालं.

परत येताना मी मागे गप्प बसले होते. त्या दिवसाचं माझं बोलणं संपलं होतं. त्यांनीच सांगितलं, पुढे पाहत. "सिग्नलवर जे वाचते ना वहिनी, थे मी रोज खोलीवर एका डब्यात टाकतो. तुमच्या नावानं. उभ्या गाडीनं पिलं म्हणजे तुमच्याच पैशातून पिलं. म्हनून बारीक करत होतो."

मी स्कार्फ परत वर ओढला. त्यांना आरशात माझा स्कार्फच दिसला असेल.

मेकॅनिकला सांगायला ते दुसऱ्या दिवशी गेले. मी दारातून पाहत होते. मेकॅनिक ऐकत राहिला. मग स्टुलावर बसला. "हमको बताए काहे नहीं?"

"तुमने पूछा कहाँ?"

"मैं नींबू तक बाँध दिया, भैया! नींबू!" मग जरा थांबून म्हणाला, "बंद करना है तो चाबी से करो ना!"

"चाबी से करेंगे तो फिर किक मारनी पडती है. गुडघा दुखता है."

मेकॅनिक उठला. आत गेला, एम-सील आणलं आणि तो पेच चारी बाजूंनी बुजवून टाकला. वरून फुंकर मारली. आणि माझ्या पोट्टीसाठी एक चॉकलेट पाठवलं.

त्यानंतर गाडी कधी थांबल्यावर बंद पडली नाही. पंडरीतले शेठ मात्र हात लांब करून उभे राहायचे ते राहायचेच. त्यांना सवय झाली होती. जाड्या शेठची साखर परत वाढली.

ते थोडे थोडे पैसे देत राहिले. कधी पोळ्यांच्या खणात, कधी भाजीच्या. त्यांनी दिले आणि मी घेतले असं कधी झालं नाही, डबा धुताना सापडायचे. नवा रायपूरचे पैसे घालून फ्रिज आला. पहिल्या दिवशी ते पाहायला आले. आत वाकून थंड हवा चेहऱ्यावर घेतली. "लय चांगला हाय," म्हणाले. गेल्यावर पाहते तर फ्रिजचं बटण एकवर आणून ठेवलेलं.

थोडे पैसे राहिले होते तेव्हा त्यांच्या बहिणीचा गोंदियाहून फोन आला. जावयाचं कापडाचं दुकान आहे, मोजायला भरवशाचा माणूस पाहिजे. कापड मोजायचं म्हटल्यावर ते थांबणार नव्हते. मीही थांबा म्हटलं नाही. म्हणता आलं नाही. निघायच्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. मी विचारलं, "कालच्या भाजीत मीठ बरोबर होतं का?" ते हसले आणि गाडीवर बसले. सामान म्हणजे एक पेटी आणि माझा एक डबा, रस्त्यात खायला दिलेला.

पाऱ्याच्या तोंडाशी म्हशी रस्ता ओलांडत होत्या. त्यांना थांबावं लागलं. गाडी उभी, धड धड धड, एकसारखी. मी दारातून पाहत होते. त्यांचा उजवा हात हँडलवरून सुटला, खाली गेला, तिथे एम-सील लागलं, आणि परत वर आला. म्हशी गेल्या. ते गेले.

आता डबे दुसरा पोट्टा नेतो. थांबून, व्यवस्थित देतो. कुणी पळत नाही.

परवा गोंदियाहून कापडाच्या गठ्ठ्यांसोबत आलेला एक माणूस विचारत विचारत आमच्या दारी आला. हातात माझा डबा. मी घेतला तर हात खाली गेला, इतका जड. आत सगळी चिल्लर आणि घडी करून करून लहान केलेल्या नोटा. मी तिथेच जमिनीवर बसून मोजले. जे राहिले होते ते सगळे होते, एकूण एक.

तो माणूस पाणी पिऊन उठला. चप्पल घालताना त्याला आठवलं.

"हो, अन् त्यानं सांगितलं, वहिनीले सांगजो का मीठ बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं."